प्रतिक्रियेला उत्तर: लॉगिन ९० टक्के, मग अजून काय मोजायचं?

नमस्कार. कारखान्यात आणलेलं नवं सॉफ्टवेअर खरंच वापरलं जातं का, ते मोजायला हवं असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन. ९० टक्के लोक लॉगिन करत असताना आणखी मोजत बसणं वेळ घालवणं आहे, आणि अशा मोजमापातून शेवटी कामगारावर पाळतच ठेवली जाते. दुसरा मला मान्य आहे, त्यावर खाली लिहितो. पहिला मात्र अजिबात पटत नाही.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपमधली साधी गोष्ट घ्या. मशीन थांबलं की ऑपरेटरने टॅबवर कारण भरायचं. तेलकट हातमोज्याने स्क्रीन दाद देत नाही, म्हणून तो वहीत टिपतो आणि शिफ्ट सुटताना सगळं एकदम भरतो. लॉगिन झालं, नोंदीही पडल्या, पण मशीन बंद होतं तेव्हा मेंटेनन्सला काहीच कळलं नाही. हे ओळखायला मशीन थांबल्याची वेळ आणि नोंद केल्याची वेळ शेजारी-शेजारी ठेवा. निम्म्या नोंदी शेवटच्या २० मिनिटांत आल्या असतील, किंवा थांबे नेमके १५, ३०, ४५ मिनिटांचेच दिसत असतील, तर त्या आठवून भरलेल्या आहेत. ‘इतर’ हे कारण सारखं दिसतंय? यादीत ६० कारणं असतील तर कोण शोधत बसेल! ती १०-१२ वर आणा. आणि पॅनेलवर मार्करने लिहिलेला एकच पासवर्ड सगळी शिफ्ट वापरत असेल, तर तुमचे ९० टक्के नक्की कोणाचे?

वापराची टक्केवारी काढताना छेदात सॉफ्टवेअरच्या लायसन्सची संख्या नको, मशीनचे प्रत्यक्ष थांबे घ्या. मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमधून ते मिळतात.

फायदा दाखवायचा तर टॅब येण्याआधीचे किमान ४-६ आठवडे मोजलेले हवेत, तेही दिवाळीच्या सुट्टीचा महिना वगळून. वही आणि टॅब दोन्ही चालू असतील तर ४० ऑपरेटर, रोजची ६ मिनिटं, २६ दिवस, म्हणजे महिन्याला १०४ तास. हा खर्च कुठल्याच बिलात येत नाही. वाचलेल्या मिनिटांना पगाराने गुणून बचत दाखवणंही चूक आहे. ओव्हरटाइम किंवा थांब्याचे तास उतरले तरच ती धरा.

आता पाळतीबद्दल. अहवाल नावानिशी काढूच नका, लाइन आणि शिफ्टनुसार काढा. नाव दिसणार म्हटलं की माणूस खरं कारण सोडून सुरक्षित कारण भरतो, आणि मग सगळा डेटाच वाया जातो. त्यापेक्षा नोंद पडल्यापासून किती मिनिटांत मेंटेनन्सचा माणूस मशीनपाशी पोचला, ते मोजा आणि तो आकडा रोज त्याच लाइनच्या फळ्यावर लिहा.