डबल साइड पीसीबी घरी होतो, आणि चांगला होतो

जळगाव-धुळ्याकडच्या डिप्लोमाच्या पोरांमध्ये एक मेसेज बराच फिरतोय. पीसीबी म्हणजे सर्किटचा बोर्ड, आणि डबल साइड म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या वाटा (ट्रॅक) असतात तो. मेसेजचं सार असं: ‘डबल साइड पीसीबी घरी होत नाही. भोकांचं प्लेटिंग कारखान्यातच होतं, दोन बाजू एकमेकींवर बसत नाहीत आणि फेरिक क्लोराइड (नको असलेलं तांबं विरघळवणारं रसायन) घरात ठेवणं धोक्याचं. बोर्ड बाहेरून मागवा.’ बाहेरून मागवायला माझी काहीच हरकत नाही. पण हे वाचून पंपाचा टायमर किंवा ठिबकचा कंट्रोलर करू पाहणारी पोरं सुरुवातच करत नाहीत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी प्लेटिंग, कारण खरा गैरसमज तिथेच आहे. भोकाला आतून तांबं चढवणं घरी अवघड आहे, हे मान्य. पण ते तांबं लागतं कशाला? वरचा ट्रॅक खालच्या ट्रॅकला जोडायला. ते काम तारेचा तुकडाही करतो. प्लेटिंग रुळण्याआधी कारखान्यांतही दोन बाजू तारेने नाहीतर आयलेटने (धातूच्या बारीक पोकळ नळीने) जोडत. हिशेब करून बघा: ०.६ मिमीच्या भोकात २५ मायक्रॉन तांबं चढवलं, तर त्या नळीचा छेद साधारण ०.०४५ चौरस मिमी भरतो. लॅन केबलमधली एकेरी, सलग तार साधारण अर्ध्या मिमीची असते, तिचा छेद ०.२ चौरस मिमी. म्हणजे तारेत चौपटीहून जास्त तांबं आहे.

करायचं ते असं. तार सोलून भोकातून घाला, दोन्हीकडे थोडी बाहेर राहू द्या, एका बाजूने सोल्डर करा, बोर्ड उलटा करून दुसरी बाजू करा, मग कटरने छाटा. रेझिस्टर-डायोडचे पाय दोन्ही बाजूंनी सोल्डर होतात, तिथे वेगळी तार लागत नाही. फसायला होतं ते आयसी बेसपाशी, म्हणजे चिप बसवायच्या सॉकेटपाशी. साध्या प्लास्टिक बेसखालचे वरच्या बाजूचे पॅड (भोकाभोवतीच्या तांब्याच्या चकत्या) झाकले जातात, सोल्डरिंगची टोच पोचत नाही. म्हणून डिझाइन करतानाच ठरवून टाका: बेसच्या पायाला ट्रॅक खालूनच येईल, आणि बाजू बदलायची असेल तर बेसच्या बाहेर, मोकळ्या जागेत. माझ्या मते घरच्या डबल साइडचं निम्मं यश या एका नियमात आहे.

‘दोन बाजू बसत नाहीत.’ घरी लेझर प्रिंटरने कागदावर छापलेलं डिझाइन इस्त्रीने तांब्यावर उतरवतात; न जुळवता इस्त्री फिरवली तर नाहीच बसणार. दोन्ही बाजू एकाच कागदावर, एकाच दिशेने छापा, म्हणजे लेझर प्रिंटरच्या उष्णतेने कागद थोडा आखडला तरी दोन्ही सारख्याच आखडतात. वरची बाजू मिरर करायची (आरशातल्यासारखी उलटी छापायची), खालची नाही. इथे गफलत झाली की सगळा बोर्ड वाया. मग कागद कापून, टोनर आत ठेवून, दोन्ही तुकडे खिडकीच्या काचेवर धरा. उजेडात पॅडवर पॅड दिसेपर्यंत हलवा, तीन कडांना चिकटपट्टी लावा आणि त्या पाकिटात घासून स्वच्छ केलेला बोर्ड सरकवून इस्त्री फिरवा. तरी भरवसा नसेल तर एकच बाजू आधी एच करा (फेरिकमध्ये नको ते तांबं विरघळवा), दुसरीवर रुंद सेलोटेप ठेवून. नंतर चार कोपऱ्यांतल्या पॅडना भोकं पाडा, त्यांतून टाचण्या घालून दुसरा कागद बसवा. पॅड दोन मिमीचे ठेवले की थोडा फरक खपून जातो.

फेरिक क्लोराइडचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नका. ते धातू खातं, फरशी-कपड्यांवरचे डाग जात नाहीत, डोळ्यांत उडालं तर इजा होते. हातमोजे, चष्मा आणि प्लास्टिकचा ट्रे हवाच. स्टीलचं भांडं अजिबात नाही. कोमट द्रावण लवकर काम करतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ते तापवायची वेगळी सोय लागत नाही. त्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड मिसळायचे व्हिडिओ बघून घरात प्रयोग करू नका. त्यातून क्लोरीनचा धूर निघू शकतो, आणि बाटलीचं झाकण घट्ट लावलं तर ती फुटू शकते. वापरलेल्या फेरिकमध्ये तांबं विरघळलेलं असतं. आपली गटारं कुठे नाल्याला, कुठे शेताला मिळतात, तेव्हा ते मोरीत ओतायचं नाही. तेच द्रावण पुन्हापुन्हा वापरा. संपलं की मोठ्या भांड्यात थोडाथोडा धुण्याचा सोडा टाका. फेस उसळतो, म्हणून सावकाश. खाली बसलेला गाळ वाळवून डब्यात बंद ठेवा आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्यायची सोय बघा.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी आहे: काही बोर्ड बाहेरूनच मागवावेत. चार थरांचा बोर्ड, अगदी बारीक पायांचा आयसी, एकसारखे वीस-पंचवीस नग, किंवा थ्री-फेजचे ४१५ व्होल्ट ज्यावर खेळणार असा बोर्ड घरी करू नका. पण कंट्रोलरचा पाच-बारा व्होल्टचा भाग घरी करायला काहीच अडचण नाही. पॉवर देण्याआधी मीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग आहे का ते दाखवणाऱ्या सेटिंगवर) लावून प्रत्येक तारेची वरची-खालची बाजू तपासा, मग शेजारचे ट्रॅक एकमेकांना भिडले नाहीत ना ते बघा, आणि आयसी बेसमध्ये सगळ्यात शेवटी बसवा.