पॉइंटाचा मुद्दा

आमच्याकडे एक व्हॅन आहे. जुन्या हिंदी सिनेमात हिरॉइनला पळवून न्यायला सरकत्या दाराची जी पांढरी व्हॅन यायची, तीच जात. मागची सीट काढून मी तिथं प्लायवूडचा पलंग ठोकला, पलंगाखाली गॅसची छोटी शेगडी, पाण्याचा कॅन आणि घडीच्या दोन खुर्च्या सरकवल्या आणि ‘आता हॉटेलं बंद, थेट डोंगरात मुक्काम’ असं घरात जाहीर केलं. बायकोनं व्हॅनचं नाव ‘फिरता माळा’ ठेवलं. दादरच्या आमच्या सोसायटीत आता वॉचमनसुद्धा तेच म्हणतो.

गाडी तशी गुणी. 796 सीसी, तीन सिलिंडर, इंजिन थेट पुढच्या सीटच्या खाली. त्यामुळे मे महिन्यात ड्रायव्हर खालून शिजतो, पण ते चालायचंच. खरं दुखणं करंटचं.

डिस्ट्रीब्यूटर नावाचा एक डबा असतो. त्यात पॉइंट म्हणजे धातूचे दोन इवलेसे ठिपके एकमेकांना चिकटतात आणि सुटतात. चिकटले की बॅटरीच्या 12 व्होल्टवर कॉइल भरते, सुटले की तिच्यातून हजारो व्होल्टचा झटका निघतो आणि प्लगवर ठिणगी पडते. तीन हजार आरपीएमला हा प्रकार सेकंदाला 75 वेळा चालतो. सेकंदाला 75 वेळा भांडून 75 वेळा समेट करणारं दुसरं जोडपं माझ्या पाहण्यात नाही. आणि दोघांत दुरावा किती हवा, तर जेमतेम अर्धा मिलिमीटर. जास्त झाला तरी गाडी रुसते, कमी झाला तरी.

पूर्वी हे काम करणारा माणूस दर दोन गल्ल्यांआड सापडायचा, कारण रस्ताभर काळ्यापिवळ्या पद्मिनी होत्या आणि त्यांचीही दुखणी हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. 20 वर्षांची मुदत भरली आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. तिच्या मागोमाग पॉइंट घासणारे हातही गेले. परवा एका गॅरेजात मी सीट उचलून इंजिन दाखवलं, तर पोरगं नव्या गाड्यांचा बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरची वायर घेऊन आलं आणि म्हणालं, ‘अंकल, कुठे लावू?’ आमच्या गाडीत वायर खोचायला जागा एकच, सिगारेट लायटरची.

तेव्हा ठरवलं, आपणच करायचं. शनिवारी पहाटे माळशेजला निघायचं होतं. शुक्रवारी रात्री बॅटरी तोंडात धरून मी कामाला लागलो. पॉइंट पूर्ण उघडा पडेपर्यंत इंजिन फिरवावं लागतं, म्हणून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मुलाला ढकलायला लावली. ‘बस्स’ म्हटलं की तो एक इंच पुढेच थांबायचा. मग मागून पुढे, पुढून मागे. फट मोजायची फिलर गेजची पट्टी गंजलेली निघाली. जुने मेकॅनिक लग्नपत्रिका वापरायचे हे आठवलं, म्हणून पुतणीची पत्रिका आणली. ती इतकी जाड की दोघांचा कायमचा काडीमोड झाला असता. शेवटी साखरपुड्याचं कार्ड बरोबर बसलं.

पण स्क्रू सैल असताना बरोबर असलेली फट, आवळला की बदलते. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी स्क्रू निसटून डिस्ट्रीब्यूटरच्या पोटात पडला. त्या आवाजाला मराठीत शब्द नाही. ‘टिक्’ म्हणावं तर फार साधा, आणि काळजात होतं ते फार मोठं. फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट दोऱ्याला बांधून आत सोडला आणि विघ्नहर्त्यानं तिसऱ्या खेपेला स्क्रू वर काढला.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची नेमकी वेळ, लावलं दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी. त्यांचा गाडीशी संबंध नाही, ते चाळीस वर्षं तंबोरा लावतात. चालू इंजिनाला कान देऊन त्यांनी डिस्ट्रीब्यूटर केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवला. पुढे सरकला की इंजिन खडखडायचं, मागे सरकला की मलूल व्हायचं. एका जागी ते डोळे मिटून थांबले. ‘जवारी लागली,’ म्हणाले, ‘आता हात लावू नका.’

मी हात लावला. हात काळे झालेलेच आहेत, तर नवे प्लग, डिस्ट्रीब्यूटरची नवी कॅप आणि पॉइंटवर ठिणगी सांडू न देणारा कंडेन्सरही नवा, आत्ताच बसवून टाकू, असा विचार केला. एका वेळी एकच वस्तू बदलावी, हे मला माहीत होतं. मला बऱ्याच गोष्टी माहीत असतात.

सायन सर्कलला गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि प्राण सोडला. पहाटेचे साडेपाच. पाऊस नुकता थांबलेला. मी सीट उचलून आत डोकं घातलं. बायकोनं पाच मिनिटं वाट पाहिली, मग शांतपणे शेगडी फुटपाथवर मांडली. ‘मुक्कामाला पोचलोच आहोत,’ म्हणाली आणि पोहे भिजवले.

फोडणीच्या वासावर एक टॅक्सी थांबली. पिकल्या मिशांचे ड्रायव्हर उतरले. ‘ताई, प्लेट कितीला?’

बायकोनं हकिगत सांगितली. ते हसले आणि माझ्या बाजूला येऊन वाकले. ‘पॉइंटची गाडी! बावीस वर्षं पद्मिनी चालवली मी. माळशेजला निघालात? आमचं ओतूर घाट चढलं की पुढंच.’ मला सेल्फ मारायला सांगून ते नुसते पाहत राहिले. पॉइंटवर निळ्या-पांढऱ्या ठिणग्या तडतडत होत्या. ‘ही ठिणगी प्लगवर पडायची, ती इथंच सांडतेय. कंडेन्सर गेला.’

‘कालच नवा घातला हो.’

‘म्हणून तर. गरम झाला, मेला. जुना कुठाय?’

जुना माझ्याकडे होता. मी काहीच टाकत नाही. श्रीखंडाच्या डब्यात चार जुने पॉइंट, सात प्लग, कशाचा तरी नट आणि करंगळीच्या पेराएवढा तो कंडेन्सर. हा डबा बायकोनं तीनदा भंगारात काढला होता आणि मी तीनदा परत आणला होता. तिच्याकडे पाहायचं मी कटाक्षानं टाळलं.

पाच मिनिटांत गाडी सुरू झाली, आणि अशी सुरात की काका ऐकायला हवे होते. ड्रायव्हरदादा पोहे खाऊन, नको नको म्हणत असताना वीस रुपये बशीखाली ठेवून गेले.

मी विजयी मुद्रेनं दार सरकवलं. ‘चल, बस. बंद पडायच्या आत निघू.’

बायको कढईतून मान वर न करता म्हणाली, ‘हात धुवा आणि दोन कांदे चिरा. मागे अजून तीन टॅक्स्या थांबल्यात.’