गावाकडच्या पोरींना गरोदरपणात बीपी होत नाही म्हणे!

फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय. गरोदरपणातला बीपी हा शहरातल्या, शिकून उशिरा लग्न केलेल्या, एसीत बसून नोकरी करणाऱ्या बायकांचा आजार, कमी वयात आई होणाऱ्या कष्टाळू पोरींना तो होतच नाही, मीठ सोडलं की उतरतो आणि गोळ्यांनी बाळ अधू होतं. इतके दिवस दुर्लक्ष केलं, पण आता माझ्या मामेबहिणीच्या सासूबाईंनी हाच मेसेज दाखवून तिची तपासणी पुढे ढकलली. पोरगी 19 वर्षांची, पाचवा महिना, पहिलटकरीण. मग गप्प कसं बसायचं?

कमी वयाचं आधी घेते, कारण सगळ्यात घातक तेच आहे. जागतिक आरोग्य संघटना सरळ सांगते की 10 ते 19 वयाच्या आयांना 20 ते 24 वयाच्या बायकांपेक्षा एक्लॅम्पसियाचा, म्हणजे बीपी वाढून झटके येण्याचा धोका जास्त असतो. शिवाय पहिलं बाळंतपण हीच मुळात जोखीम, आणि एवढ्या लहान पोरींचं बहुतेक पहिलंच असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या जवळपास 22 टक्के बायकांची लग्नं 18 च्या आत झालेली निघाली. म्हणजे ज्यांनी सगळ्यात आधी बीपी मोजून घ्यायचा त्यांनाच हा मेसेज घरी बसवतोय!

आता कष्टाचं. बीडकडून ऊसतोडीला आलेली गरोदर बाई बघा, पहाटे फडात, डोक्यावर मोळी, रात्री कोपीवर चूल. तिचं नाव गावच्या आशाताईच्या वहीत आणि ती स्वतः परजिल्ह्यात, कार्डावर बीपीच्या रकान्यात एखादी नोंद, पुढे सगळं कोरं. कष्टाने ती वाचत नाही, उलट तिचा वाढलेला बीपी कुणाला कळतच नाही, कारण सुरुवातीला काही दुखत-खुपत नाही. 20 आठवड्यांच्या आधीचा आकडा नसला की नंतर 140/90 निघाल्यावर डॉक्टरला हेही कळत नाही की हा जुनाच आहे की गरोदरपणात सुरू झालाय. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या 2021 च्या यादीत तर कमी उत्पन्न हीच एक जोखीम म्हणून धरलीय. आणि "आमच्या काळी कुठे होता बीपी" म्हणणाऱ्यांनी सांगावं, तेव्हा मोजला कुणी? झटके येऊन गेलेल्या बाईला बाहेरचं लागलं म्हणून मोकळे व्हायचे.

हो, पस्तिशीनंतर आणि वजन जास्त असेल तर धोका वाढतो, एवढं त्या मेसेजमधलं खरंय, मान्य. पण म्हणून बाकीच्या सुटल्या असं कुठे होतं?

मिठाचं थोडक्यात, मीठ तोडल्याने हा आजार टळतो असं दिसलेलं नाही, जागतिक आरोग्य संघटनाही त्यासाठी मीठ कमी करा असं सांगत नाही. आहारात कॅल्शियम कमी असेल तर त्याच्या गोळ्यांचा उपयोग होतो, आणि त्याच नेमक्या घरोघरी डब्यात पडून असतात.

बीपीच्या गोळ्यांचं अर्धसत्य आहे. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल या गरोदरपणात खरंच चालत नाहीत, आधीपासून चालू असतील तर दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरकडून बदलून घ्यायच्या. पण लॅबेटालॉल, मिथाइलडोपा, निफेडिपिन कित्येक वर्षं गरोदर बायकांना देतात. मनाने बंद करायची नाही, एकही नाही.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात फुकट तपासणी असते, बीपी आणि लघवी दोन्ही बघून घ्या. आणि डोकं ठणकत राहिलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, छातीखाली उजव्या बाजूला दुखलं किंवा चेहरा-हात एकदम सुजले तर 9 तारखेची वाट बघायची नाही, मध्यरात्र असली तरी 108 ला फोन लावायचा.