नागपूरला समुद्र नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी सागरी धोरणाविषयीची एक बातमी टाकली. त्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी "भाऊ, आपण झिरो माइलवाले, देशाच्या मधोमध राहणारे, आपल्याला समुद्राचं काय करायचं आहे?" असे विचारले आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. तेव्हापासून डोके तापले आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट आपल्यापैकी कोणी विसरले असेल असे वाटत नाही. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरात शिरली, आईला आम्ही जेवणाच्या टेबलावर बसवले, आणि पाणी ओसरल्यावर खिडकीच्या गजांना चिकटलेल्या खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या) प्लास्टिकच्या पन्न्या मी दुपारपर्यंत सोलून काढत होतो. त्या एका रात्रीचा सगळा दोष समुद्राच्या माथी मारता येणार नाही, हे मान्य. परंतु विदर्भाचा पाऊस बव्हंशी बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर अवलंबून असतो, पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेपैकी 90 टक्क्यांहून अधिक उष्णता महासागरांनी पोटात घेतली आहे, आणि हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, म्हणजे पाऊस कोसळला तर तो अधिक जोराने कोसळू शकतो. आईला टेबलावर बसवण्याची वेळ पुन्हा येणार की नाही, हे काही प्रमाणात तरी त्या उपसागरात ठरणार आहे.

आणि आपले सरकार समुद्राकडे कसे पाहते? 1982 मध्ये एक महासागर धोरण निवेदन आले. 2021 मध्ये नव्या धोरणाचा मसुदा आला, त्याचे नावच 'नील अर्थव्यवस्था'. म्हणजे समुद्र ही आधी कमाईची जागा, संवर्धन मागाहून. मासेमारी एका मंत्रालयाकडे, बंदरे दुसऱ्याकडे, किनाऱ्याचे नियम तिसऱ्याकडे आणि खोल समुद्राचे संशोधन चौथ्याकडे. शिवाय 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत आणि त्यापुढची केंद्राच्या. वादळे वाढत असताना 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरचा बांधकामबंदीचा पट्टा 200 मीटरवरून 50 मीटरवर आणला. हे कोणत्या शहाणपणात बसते? पालघर जिल्ह्यातल्या डहाणूसारख्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील तालुक्यात वाढवण बंदर उभे राहत आहे. बंदराने रोजगार मिळेल, ठीक आहे, मिळेल. पण पापलेटला राज्यमासा म्हणून मिरवायचे आणि ज्या कोळ्यांचे पोट त्यावर चालते त्यांचे म्हणणे मात्र शेवटी ऐकायचे, हा न्याय मला पटत नाही.

ग्रुपवर प्रश्न विचारणारे गृहस्थ तसे भले आहेत. पुराच्या त्या दिवशी आमच्या घरी पोळीभाजीचा पहिला डबा त्यांच्याकडूनच आला होता, त्यामुळे राग फार वेळ टिकत नाही. त्यांना एवढेच सांगायचे आहे की ज्या पन्न्या आमच्या गजांना अडकल्या नाहीत, त्या थांबलेल्या नाहीत. नागेचे पाणी कन्हानला, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा प्राणहितेतून गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणून नाग नदीचे सांडपाणी हा सागरी धोरणाचाच विषय आहे, जरी त्या धोरणाच्या चर्चेत नागपूरचे नाव कोणी घेत नसले तरी. नदीच्या प्रदूषण निवारणासाठी 1,900 कोटींहून अधिक रुपयांच्या प्रकल्पाची पायाभरणी डिसेंबर 2022 मध्ये याच शहरात झाली. त्यातले काम कुठवर आले, हे आपल्या नगरसेवकांना आणि आमदारांना लेखी विचारायचे आहे. पत्राचा मसुदा उद्या ग्रुपवर टाकतो, सह्या करणाऱ्यांनी फ्लॅट क्रमांकासह नाव कळवावे.