'अणुरेणू' यांना उत्तर (जरा लांबलंय)

अणुरेणू,

सोडियम-आयन बॅटरीच्या कॅथोडवरच्या (म्हणजे धन टोकाच्या पदार्थावरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "दमट हवेत कॅथोड बिघडतो हा लेखकाने उभा केलेला बागुलबुवा आहे. ड्राय रूम नीट ठेवली की प्रश्न मिटला. तांबं घालणं वगैरे पेपर छापायचे उद्योग. लेखकाने कधी हात काळे केलेले दिसत नाहीत." (ड्राय रूम म्हणजे हवेतला दमटपणा काढून कोरडी ठेवलेली खोली.) शिवाय ऋण टोकाच्या हार्ड कार्बनवर मी लिहिलं नाही ही तक्रार, आणि लिथियमचे भाव उतरल्याचा दाखला.

मतभेदाचं मला वावडं नाही. पण हे शेवटचं वाक्य कशासाठी? टोपणनावाआडून कुणाचीही अक्कल काढता येते.

पुण्याजवळच्या एका प्रयोगशाळेत मी काही वर्षं हेच काम केलंय. आमचा कॅथोड म्हणजे निकेल, लोह, मँगनीज समप्रमाणात असलेलं थरांचं सोडियम ऑक्साइड; थरांच्या या रचनेला ओ३ म्हणतात. ऐन जुलैत डीह्युमिडिफायर बंद पडला. कॅथोडची पावडर, तिला धरून ठेवणारं पीव्हीडीएफ हे पॉलिमर आणि ते विरघळवणारं एनएमपी हे द्रावक, यांची घोटलेली स्लरी सकाळी छान ओघळत होती; जेवून आलो तर भांडं उपडं केलं तरी पडेना. ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ब्लेड ओढलं की नुसत्या गुठळ्या. हात चांगलेच काळे झाले, साहेब.

हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड थरांमधलं सोडियम बाहेर ओढतात. पृष्ठभागावर सोडियम हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट साचतं. हा अल्कली पीव्हीडीएफमधून हायड्रोजन फ्लोराइड काढून घेतो, साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि स्लरी थिजते.

"म्हणजे ड्राय रूम बंद पडली म्हणूनच ना?" असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण ती अहोरात्र चालवायला वीज लागते, आणि सोडियमची सगळी मिजास स्वस्ताईवर. पावडर भट्टीतून निघते, गोदामात पडते, ट्रकमधून जाते. तिथेही ड्राय रूम नेणार का? त्यापेक्षा पदार्थच सुधारावा. चिनी विज्ञान अकादमीच्या भौतिकशास्त्र संस्थेने २०१५ मध्ये तांबं, लोह आणि मँगनीजचं ओ३ ऑक्साइड मांडलं. निकेल नाही, कोबाल्ट नाही, हवेत टिकतं. आणि त्यातलं तांबं नुसती भर नाही, चार्ज होताना तेही इलेक्ट्रॉन देतं. क्षमता ग्रॅममागे १०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास, म्हणजे बेताचीच. तरी त्याच संस्थेच्या कामातून २०१७ मध्ये हायना ही सोडियम-आयन बॅटऱ्यांची कंपनी निघाली. नुसत्या पेपरांवर कंपन्या निघत नाहीत.

हार्ड कार्बन पहिल्याच चार्जमध्ये बरंच सोडियम गिळून बसतो, त्यावर एखादा परिच्छेद हवा होता. तेवढं तुमचं रास्त. लिथियम कार्बोनेट २०२२ नंतर गडगडलं हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. भाव चढतात, उतरतात, त्यावर काय वाद घालायचा?

आणि पुढच्या वेळी तुमच्या त्या ड्राय रूमचा दवबिंदूही लिहा (तो जितका खाली, तितकी हवा कोरडी). उणे ४० अंश सेल्सिअस होता, की खोलीला नुसता एसी होता?