‘पोएम’मध्ये अन्ननलिकेला भोक ठेवत नाहीत

“ॲकलेशियासाठी तोंडातून दुर्बीण घालून ‘पोएम’ करतात, त्यात अन्ननलिकेला आरपार भोक पाडतात. टाके नसतात, म्हणून अन्न छातीत झिरपतं. हा सगळा प्रयोगच. मुळात ही ॲसिडिटी, कोमट पाण्यानं आणि पथ्यानं जाते.” व्हॉट्सॲपवर फिरणारा हा दावा वाचून कुणी उपचार टाळू नयेत, म्हणून हे लिहितोय. ॲकलेशिया म्हणजे अन्ननलिकेची खालची झडप नीट न उघडल्यानं घास अडकण्याचा आजार, आणि पोएम म्हणजे तोंडातून घातलेल्या दुर्बिणीनं त्या झडपेचा घट्ट स्नायू आतून कापणं.

आधी भोकाचं बघू. अन्ननलिकेत आतून नाजूक अस्तर, बाहेरून स्नायू आणि दोघांच्या मधे एक विरळ थर असतो. डॉक्टर या मधल्या थरात निळा रंग मिसळलेलं सलाइन सोडतात, तसं अस्तर स्नायूपासून सुटून वर उचललं जातं. मग अस्तराला सुमारे २ सेंमीची चीर देऊन दुर्बीण त्या थरात शिरते आणि बोगदा करत जठरात २-३ सेंमीपर्यंत उतरते. निळ्या थरापलीकडे स्नायूचे आडवे पांढरे तंतू दिसतात, कापायचे ते हेच. पण कापायला सुरुवात चिरेच्या काही सेंमी खालून होते. म्हणजे जिथे स्नायू कापला तिथे अस्तर शाबूत, आणि जिथे अस्तर चिरलं तिथे स्नायू शाबूत. वरची चीर क्लिपांनी बंद करतात. गळती होऊ शकते, पण क्वचित.

ॲसिडिटी? नाही. ॲकलेशियात अन्ननलिकेच्या भिंतीतल्या चेतापेशी नष्ट होतात आणि खालची झडप घास गिळताना उघडत नाही. पाण्याच्या घोटानं अडलेला घास कधी खाली सरकतो, पण झडप त्यानं दुरुस्त होत नाही. वजन मात्र उतरत जातं.

पोएमला ‘प्रयोग’ म्हणणंही चूक. हाच स्नायू अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये बाहेरून कापला होता. आतून कापायची पोएम जपानच्या हारुहिरो इनोऊए यांनी २००८ मध्ये माणसावर केली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२१ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनी पोएमला ८३ टक्के यश होतं, पोटावर छिद्रं पाडून केलेल्या हेलर ऑपरेशनला जवळपास ८२.

भीती दाखवायचीच होती, तर खरी दाखवायची. त्याच चाचणीत दोन वर्षांनी आम्लामुळे अन्ननलिकेला सूज पोएमनंतर ४४ टक्क्यांना होती, हेलरनंतर २९ टक्क्यांना. त्यामुळे पोएमआधी डॉक्टरांना विचारा: मॅनोमेट्रीत (अन्ननलिकेतला दाब मोजण्याच्या तपासणीत) ॲकलेशियाचा कोणता प्रकार निघाला, नंतर आम्लाची गोळी किती दिवस घ्यायची, आणि तपासणीची दुर्बीण पुन्हा कधी करायची?