ऊद लावणारा माणूस गूढ असतो म्हणे!

काळी पार्श्वभूमी, सोनेरी अक्षरं, वर धुराची एक वेटोळी रेघ आणि खाली मथळा: ‘ऊद लावणारी माणसं अशी असतात’. (इथे ऊद म्हणजे अगरूच्या लाकडाचं अत्तर, धुपाचा ऊद नव्हे.) हा मजकूर मला आतापर्यंत पाच जणांनी पाठवलाय. त्यातले दावे थोडक्यात असे: ही माणसं जन्मजात नेते असतात. बोलतात कमी, पण विचार खोल करतात. त्यांना गर्दी लागत नाही, तरी गर्दीत ती उठून दिसतात. ऊद हा मर्दानी सुगंध आहे. ऊद लावणाऱ्याला अस्सल आणि नकली यातला फरक बरोबर कळतो. आणि शेवटचा टोला: ज्यांना ऊद सोसत नाही, ती माणसं उथळ.

मी स्वतः बरीच वर्षं ऊद लावतो. मी बोलायला लागलो की समोरचा घड्याळाकडे बघतो, आणि चौघांत काही ठरवायची वेळ आली की माझं उत्तर ठरलेलं, ‘तुम्ही म्हणाल ते’. अर्थात माझ्या एकट्यावरून दावा खोटा ठरत नाही, म्हणून जरा नीट बघू.

नेतृत्व, खोली आणि उठून दिसणं हे पहिले तीन मुद्दे मी एकत्रच घेतो, कारण तिघांची मेख एकच आहे. 1948 साली बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आपल्या 39 विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. काही दिवसांनी प्रत्येकाच्या हातात त्याचं ‘स्वतःचं’ वर्णन दिलं आणि ते किती जुळतं याला 5 पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली 4 च्याही वर. मग कळलं की सगळ्यांना शब्दशः एकच कागद मिळाला होता, आणि त्यातली बरीच वाक्यं राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती.

आता वरचा मजकूर पुन्हा वाचा आणि ‘ऊद’ खोडून तिथे ‘गुलाब’ लिहा, नाहीतर ‘चंदन’. काही बिघडतं का? ‘मी बडबड फार करतो आणि विचार वरवरचा करतो’ असं स्वतःबद्दल कोण कबूल करेल? ‘गर्दी लागत नाही, तरी उठून दिसतो’ हे तर फारच हुशारीनं लिहिलंय. एकलकोंड्यालाही पटतं आणि मिरवणाऱ्यालाही.

यात खरा अंश अजिबात नाही असंही नाही, पण तो नेमका उलट्या बाजूनं आहे. 2009 साली ब्रिटनमधल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही पुरुषांना सुगंधी डिओडरंट दिलं, काहींना तसंच दिसणारं पण वास नसलेलं. काही दिवसांत सुगंधवाल्यांचा आत्मविश्वास दुसऱ्या गटापेक्षा वरचढ दिसला. पुढे स्त्रियांना या पुरुषांचे मूक व्हिडिओ दाखवले, तेव्हा सुगंधवाले त्यांना जास्त आकर्षक वाटले. व्हिडिओतून वास येत नाही, म्हणजे फरक पडला होता तो त्यांच्या वावरण्यात. सुगंधानं माणूस थोडा ताठ चालू लागतो, हे मला मान्य आहे. पण तो स्वभाव आधी होता म्हणून त्यानं ती बाटली उचलली, असं यातून निघत नाही. शिवाय ते साधं डिओडरंट होतं. ऊदाचा तिथे संबंधच नव्हता.

मर्दानीपणाचा मुद्दा एका ओळीत निकालात निघतो. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’त हेमंत ऋतूत काळ्या अगरूच्या धुरानं केस सुगंधित करतात त्या स्त्रिया. अगरू म्हणजेच आजचा ऊद.

‘अस्सल-नकली कळतं’ या दाव्यावर मात्र मला थांबायचंय, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच आहे.

आधी शब्दच बघा. मराठीत ऊद म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे निखाऱ्यावर टाकायचा राळेचा खडा येतो. ती वेगळ्याच झाडाची राळ, लोबानाची. मूळ अरबी शब्दाचा अर्थ नुसता ‘लाकूड’ किंवा ‘काठी’. अत्तरातला ऊद येतो अ‍ॅक्विलेरिया गटातल्या झाडांपासून, आणि गंमत अशी की या झाडाचं निरोगी लाकूड फिकट, हलकं आणि जवळपास बिनवासाचं असतं. झाडाला जखम झाली, किडीनं पोखरलं, आत बुरशी शिरली, की ते स्वतःला वाचवायला त्या जागी गडद राळ साठवतं. वर्षानुवर्षं साठत गेलेली ही राळ म्हणजेच सुगंध. चांगलं मुरलेलं लाकूड इतकं जड होतं की पाण्यात बुडतं. चिनी भाषेत तर त्याचं नावच ‘बुडणारा सुगंध’ आहे. माझा संशय असा की मजकूर लिहिणाऱ्यानं झाडाचीच गोष्ट माणसाला चिकटवली असावी: काळोखा, जखमी, दुर्मीळ, खोल. बुरशी तेवढी सोयीस्करपणे वगळली.

जंगलातली ही झाडं इतकी तोडली गेली की 1995 पासून मलाक्का अ‍ॅक्विलेरिया ही एक जात आणि 2005 पासून अ‍ॅक्विलेरियाच्या सगळ्याच जाती ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. म्हणजे परवान्याशिवाय त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही. आता लागवडीत झाडाला मुद्दाम जखमा करून बुरशी टोचतात, तरीही मागणीला तेल पुरत नाही. त्यामुळे नावात ऊद असलेल्या बहुसंख्य परफ्यूममध्ये प्रयोगशाळेतल्या रेणूंचं मिश्रण असतं, कधी सोबत नावापुरतं खरं तेल. यात पाप काही नाही. माझी आवडती बाटली बहुधा तसलीच आहे. पण मग ‘ऊद लावणाऱ्याला अस्सल कळतं’ हे वाक्य कुठे उभं राहतं? त्यातल्या अनेकांच्या नाकाखालून खरं अगरूचं तेल एकदाही गेलेलं नसेल.

एकदा मी दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहिली. डाव्या मनगटावर खऱ्या तेलाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब, उजव्यावर परफ्यूमचा एक फवारा. उजवं मनगट लगेच ओळखीचं वाटलं: स्वच्छ लाकूड, थोडं केशर, थोडं चामडं. डावीकडे आधी चक्क गोठा आला. ओलं गवत, शेण, मग जखमेवरच्या पट्टीसारखा औषधी दर्प. (ऊर्ध्वपातनाआधी लाकडाचा चुरा बरेच दिवस पाण्यात भिजवून आंबवतात, तिथून हा गोठा येतो.) अर्ध्या तासानं त्यातून मधासारखं, जुन्या लाकडी पेटीसारखं काहीतरी उमलायला लागलं. पण पहिल्या पाच मिनिटांत मला कुणी विचारलं असतं तर मी उजव्या हातालाच अस्सल म्हटलं असतं.

उरला शेवटचा टोला. ज्याला ऊद सोसत नाही तो उथळ? त्याचं नाक वेगळं आहे, बस. माणसाच्या नाकात वास टिपणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राही (रिसेप्टर) असतात आणि ते प्रत्येकात थोडे वेगळे घडलेले असतात. घामात सापडणारा अँड्रोस्टिनोन हा रेणू काहींना लघवीसारखा, काहींना गोडसर वाटतो, तर काहींना त्याचा वासच येत नाही. यातला बराच फरक एका जनुकातल्या बदलातून येतो, हे 2007 साली दाखवलं गेलं. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या, निरनिराळ्या संस्कृतींमधल्या लोकांवरच्या अभ्यासात वासांच्या आवडीनिवडीतला सुमारे 54 टक्के फरक निव्वळ वैयक्तिक पसंतीचा निघाला. संस्कृतीचा वाटा फक्त 6 टक्के. गोठ्याचा वास नको वाटणं ही अगदी साधी गोष्ट आहे, त्यात चारित्र्य कुठून आलं?

ऊद लावणाऱ्याबद्दल वासावरून एक अंदाज मात्र मी बेधडक करतो. वास फार आला, तर त्यानं दुसऱ्यांदा लावलाय, कारण पहिला त्याच्या स्वतःच्या नाकाला जाणवेनासा झाला होता. सततच्या वासाला नाक काही मिनिटांतच सरावतं. माझंही एकदा असंच झालं. घरातून निघताना ‘उडाला वाटतं’ म्हणून आणखी दोन थेंब लावले आणि लिफ्टमध्ये शिरलो. शेजारच्या बाईंनी इकडेतिकडे बघून काळजीनं विचारलं, “कुणाचं जुनं कपाट हलवतायत का हो वर?”